चूक ओळखा, दुरुस्त करा

बँकेच्या, रेल्वेच्या किंवा स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेचे कोणतेही सराव-पुस्तक उघडा. इंग्रजीच्या भागात एक प्रश्न हमखास सापडतो. एक वाक्य, त्याचे तीन-चार तुकडे, आणि चूक कोणत्या तुकड्यात आहे ते ओळखायचे. चूक नसेल तर ‘नो एरर’ला खूण करायची. आमच्या वेळी हाच प्रश्न ‘करेक्ट द फॉलोइंग सेंटेन्सेस’ या नावाने येई. मी या प्रश्नाला विद्यार्थी म्हणून तोंड दिले आणि पुढे तीसहून अधिक वर्षे यवतमाळ जिल्ह्यातल्या मराठी शाळांत मास्तर म्हणून तो मुलांकडून सोडवून घेतला. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मनात आले, की हा प्रश्न आला कुठून? मुद्दाम चुकीचे वाक्य लिहून मुलापुढे ठेवायचे आणि त्याला ते सुधारायला लावायचे, ही कल्पना प्रथम कोणाला सुचली? शोधत गेलो आणि गंमतच वाटली. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्याला वाटते, इंग्रजी व्याकरणाच्या चुका म्हणजे आपल्यासारख्या ‘नेटिवां’चा प्रांत. साहेब कशाला चुकेल? पण हा प्रश्नप्रकार जन्माला आला तो खुद्द इंग्लंडात, आणि इंग्रजांच्याच मुलांसाठी. न्यूकॅसल गावी ॲन फिशर नावाच्या बाई होत्या. अठराव्या शतकाच्या मध्याला त्यांनी इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि त्यात ‘वाईट इंग्रजीची उदाहरणे’ मुलांना सुधारण्यासाठी दिली. म्हणजे आपल्या ‘करेक्ट द फॉलोइंग’ची आजीबाईच म्हणायची.

त्यानंतर १७६२ साली रॉबर्ट लाउथ या पाद्र्याचे (पुढे ते लंडनचे बिशप झाले) छोटेसे व्याकरण निघाले. लाउथने चुका कोणाच्या काढाव्यात? शेक्सपिअरच्या, मिल्टनच्या, पोपच्या, स्विफ्टच्या! एवढेच काय, बायबलच्या इंग्रजी भाषांतरालाही सोडले नाही. तळटिपांतून थोरामोठ्यांची वाक्ये द्यायची आणि ती कुठे घसरली ते दाखवायचे, अशी त्याची पद्धत. वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन येऊ नये, निदान गंभीर लेखनात येऊ नये, हेही त्याने सुचवले. आपल्या भाषेला या सवयीची फार ओढ आहे असे सांगताना त्याने ते वाक्य स्वतःच प्रीपोझिशनने संपवले आहे. बिशपसाहेबांना विनोदबुद्धी होती असे दिसते.

तिसरे नाव लिंडले मरे यांचे. हे मूळचे अमेरिकेतले वकील, इंग्लंडात यॉर्कला येऊन राहिले. तिथल्या क्वेकर पंथाच्या मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १७९५ साली व्याकरण लिहिले आणि १७९७ साली त्याच्या जोडीला सरावाचे पुस्तक काढले. त्यात अशुद्ध वाक्यांची रांगच्या रांग होती. ही पुस्तके इतकी खपली की पुढची पन्नास वर्षे इंग्रजी जिथे शिकवली जाई तिथे मरे असे.

तेव्हा मंडळी, पहिली गोष्ट लक्षात ठेवू. ‘हे वाक्य सुधार’ असे सर्वांत आधी सांगितले गेले ते इंग्रज मुलामुलींना. इंग्रजी ही ज्यांची आईची भाषा, त्यांनाही ती ‘शुद्ध’ लिहायला शिकवावीच लागत होती.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १८२० च्या दशकात बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळा सुरू झाल्या. त्या शाळांतून इंग्रजी शिकून तयार झालेल्या पहिल्या पिढीत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८३६ साली, त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर त्यांनी मराठीची मांडणी केली. त्यांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हणतात ते त्यामुळे. म्हणजे पाहा, परक्या भाषेचे नियम शिकताना या माणसाला प्रश्न पडला, की मग माझ्या भाषेचे नियम काय? मला वाटते, इंग्रजी शिक्षणाने आपल्याला दिलेल्या चांगल्या गोष्टींतली ही एक.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. पुढे शंभर वर्षे मॅट्रिक हा मराठी घरातला परवलीचा शब्द होता. पास झाला तर कारकुनी, मास्तरकी, वकिली. नापास झाला तर शेती किंवा दुकान. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले, आणि १८८० साली पुण्यात टिळकांसोबत शाळा काढली तिचे नावही न्यू इंग्लिश स्कूल! मराठीचे शिवाजी म्हणवणाऱ्या शास्त्रीबुवांनाही इंग्रजीशिवाय गत्यंतर नव्हते.

आमच्या वऱ्हाडात हे दूध जरा उशिराच पोचले. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६४ साली आमचा जिल्हा वेगळा निघाला. तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, आणि त्याचे नाव यवतमाळ झाले १९०५ साली. इंग्रजी हायस्कुले आधी अकोला-अमरावतीला आली. कॉलेजसाठी नागपूरच गाठावे लागे, आणि तिथेही स्वतःचे विद्यापीठ व्हायला १९२३ साल उजाडले. वणीला १८८० साली जन्मलेले माधव श्रीहरी अणे, म्हणजे आपले लोकनायक बापूजी अणे, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, काही वर्षे अमरावतीच्या शाळेत मास्तर होते आणि मग यवतमाळला वकिली करू लागले. त्या काळी आमच्याकडच्या हुशार मुलाचा रस्ता हा असा होता, आणि त्या रस्त्याच्या प्रत्येक नाक्यावर इंग्रजीचा जकातदार बसलेला असे.

याच सुमारास चुकांच्या इतिहासाला एक वळण लागले. इंग्रजांच्या चुका सुधारणारी पुस्तके होती, तिथे आता ‘हिंदी लोकांच्या चुका’ असा वेगळा विषय तयार झाला. काही जणांनी त्यातून करमणूक केली. १८९१ साली अर्नोल्ड राइट याने ‘बाबू इंग्लिश’ नावाने आपल्या लोकांच्या अर्जांतले नि पत्रांतले विनोद जमवून छापले. १८९७ साली एफ. ॲन्स्टी याने ‘बाबू जबरजी, बी.ए.’ नावाचे पात्र उभे केले. पोटासाठी परक्या भाषेत अर्ज लिहिणारा माणूस लंडनच्या दिवाणखान्यात हसण्याचा विषय झाला.

पण सगळेच असे नव्हते. मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेत राहिलेले जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांचे ‘इंडियन इंग्लिश’ हे पुस्तक १९०७ साली निघाले. हिंदी माणसांच्या इंग्रजी लेखनात वाक्प्रयोगाच्या चुका कुठे होतात याची त्यांनी बारकाईने तपासणी केली. पण टवाळी केली नाही. आपल्या लोकांनी ही भाषा एवढी आत्मसात केली याचे त्यांना मनापासून कौतुक होते. हा फरक मला फार मोठा वाटतो. राइटसाहेब चुका जमवतात ते हसण्यासाठी, व्हिटवर्थसाहेब जमवतात ते माणूस पुढे जावा म्हणून. प्रत्येक शाळेच्या शिक्षक-खोलीत हे दोन्ही प्रकार आजही भेटतात!

आमच्याच प्रांतातले एक उदाहरण सांगतो. तेव्हा यवतमाळ आणि रायपूर एकाच प्रांतात होते, मध्य प्रांत व वऱ्हाड. रायपूरच्या राजकुमार कॉलेजचे प्राचार्य स्मिथ-पिअर्स यांनी १९३० च्या दशकात ‘इंग्लिश एरर्स ऑफ इंडियन स्टुडंट्स’ नावाचे छोटेखानी पुस्तक लिहिले. पुष्कळ वर्षे ते शिक्षकांच्या हाताशी असे. त्याच दशकात रेन आणि मार्टिनचे जगप्रसिद्ध व्याकरण आले. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. पुढे ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहून ते फार गाजले. हिंदुस्थानातल्या विद्यार्थ्याला अजूनही रेन आठवतो तो मात्र कादंबरीसाठी नव्हे, ‘नाउन किती प्रकारचे’ यासाठी!

आणि १९३६ साली सायप्रसच्या टी. जे. फिटिकिडीस या शिक्षकाचे ‘कॉमन मिस्टेक्स इन इंग्लिश’ निघाले. ते ग्रीक बोलणाऱ्या मुलांना शिकवत. हे पुस्तक मी प्रथम चाळले तेव्हा चकित झालो, कारण त्यातल्या कितीतरी चुका आमच्या दारव्हा-दिग्रसच्या मुलांच्या होत्या. ‘मॅरीड विथ’ म्हणू नका, ‘मॅरीड टू’ म्हणा, हे त्यातही आहे. भूमध्य समुद्रातला मुलगा आणि पैनगंगेच्या काठचा मुलगा एकच चूक करतात, याचा अर्थ काय? दोघेही आळशी, असा तर नक्कीच नाही. अर्थ असा, की दोघेही आपापल्या आईच्या भाषेतून विचार करून बोलत आहेत.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. आमच्या मुलांच्या बहुतेक इंग्रजी चुका म्हणजे बरोबर मराठी. ती फक्त इंग्रजी कपडे घालून आलेली असते. उदाहरणे देतो, म्हणजे पटेल.

‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स.’ हे वाक्य मी किती वह्यांत पाहिले याला मोजदाद नाही. हवे असे : ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स.’ आता मराठी पाहा. ‘मी इथे दहा वर्षांपासून राहतो.’ ‘मी इथे २०१० पासून राहतो.’ दोन्हीकडे ‘पासून’च. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ आणि कालावधी सांगायचा तर ‘फॉर’. शिवाय मराठीत ‘राहतो’ हा साधा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला भूतकाळ आणि वर्तमान यांना बांधणारे ‘हॅव बीन’ लागते. मुलाने मराठी अगदी शुद्ध आणले, म्हणून इंग्रजी चुकले.

‘आय ॲम नोइंग हिम.’ ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.’ मराठीत ‘मला माहीत आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत.’ मुलाला शिकवलेले असते की ‘आहे’ दिसले की ॲम, इज, आर. तो नियम पाळतो! पण जाणणे, असणे, आवडणे या काही ‘चालू असलेल्या’ क्रिया नाहीत, त्या स्थिती आहेत. तिथे इंग्रजी ‘आयएनजी’ लावत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

‘वन ऑफ माय फ्रेंड’ घ्या. मराठीत ‘मित्र’ एकवचनी आणि अनेकवचनीही : एक मित्र, चार मित्र. शिवाय आपण ‘माझा एक मित्र’ म्हणतो. मग ‘फ्रेंड’ला ‘एस’ कशाला, असे मुलाला वाटणारच. तसेच ‘माय हेअर्स आर ब्लॅक’. मराठीत केस काळे आहेत, काळा आहे नाही. त्याउलट ‘इन्फर्मेशन’चे अनेकवचन मुले सहसा करत नाहीत, कारण ‘माहिती’चेही होत नाही. पण ‘सल्ले’ होतात, म्हणून ‘ॲडव्हाइसेस’! चुकीलासुद्धा असे शिस्तीचे वळण असते.

‘दो इट वॉज रेनिंग, बट ही केम.’ इथे ‘बट’ नको. पण मराठी वाक्ये जोडीने चालतात, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जर-तर. ‘जरी’ म्हटल्यावर ‘तरी’ न म्हणणे म्हणजे मराठी कानाला एका पायात चप्पल घातल्यासारखे वाटते.

‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही.’ मराठीत प्रश्न असो वा नसो, शब्दांची जागा हलत नाही. ‘तो कुठे आहे?’ आणि ‘तो कुठे आहे मला माहीत नाही.’ इंग्रजीत प्रश्न विचारताना क्रियापद पुढे सरकते, पण तोच प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रियापद आपल्या जागी परत येते : ‘व्हेअर ही इज’. मुलाने पहिली गोष्ट मेहनतीने पाठ केलेली असते, म्हणूनच दुसरी चुकते.

काही चुकांत तर संस्कार दिसतात. ‘माय फादर आर अ फार्मर.’ वर्गात कोणी हसले तर मी त्या मुलालाच विचारायचो, ‘घरी काय म्हणतोस? बाबा आला की बाबा आले?’ वडिलांना एकवचनात आणणे त्याच्या जिभेला जमत नसे. इंग्रजीत राजा असो की रंक, तिसऱ्या पुरुषात ‘ही इज’. आदरासाठी क्रियापद वाकवायची सोय त्या भाषेत नाही. हे समजावून सांगितले की मूल पुन्हा चुकत नसे, आणि वडिलांचा मानही शाबूत राहत असे.

आणि ‘ही’-‘शी’चा घोळ? इंग्रजीतला ‘ही’ म्हणजे पुरुष आणि मराठीतली ‘ही’ म्हणजे बाई. पाचवीतले पोर आईकडे बोट दाखवून ‘ही इज माय मदर’ म्हणते तेव्हा ते मराठीच्या दृष्टीने अचूक बोलत असते. ‘शी’चा मराठी अर्थ तर मी लिहीत नाही. आईला ‘शी’ कसे म्हणावे, हा त्याच्यापुढचा खरोखरीचा पेच असतो!

मराठी नेहमी आड येते असेही नाही. कधी ती मदतीला धावते. ‘ॲन अवर’ पण ‘अ युनिव्हर्सिटी’, हा नियम इंग्रजी स्पेलिंगमध्ये पाहिला तर डोके फिरते. मी मुलांना शब्द देवनागरीत लिहायला सांगत असे. अवर : ‘अ’ने सुरू, म्हणजे स्वर, म्हणून ‘ॲन’. युनिव्हर्सिटी : ‘य’ने सुरू, म्हणजे व्यंजन, म्हणून ‘अ’. ऑनेस्ट, एम.एल.ए. : स्वर, ‘ॲन’. युरोपियन, वन-वे : व्यंजन, ‘अ’. पाच मिनिटांत प्रकरण संपे. आपल्या लिपीत उच्चार उघडा दिसतो, तो इंग्रजी लिपीत झाकलेला असतो. हा फायदा साहेबाच्या मुलाला नाही.

मराठीतून इंग्रजीकडे जाण्याची ही वाट मी काही शोधलेली नाही. ‘भाषांतर पाठमाला’ आठवते का? आमच्या पिढीतल्या हजारो मुलांनी इंग्रजी शिकले ते या पुस्तकांवर. पुष्कळांना ती दादोबांचीच वाटतात; पण ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची. मराठी वाक्य घ्या, त्याचे इंग्रजी करा. इंग्रजी घ्या, त्याचे मराठी करा. पुस्तकातली वाक्ये जुनाट आणि कधी कधी मजेशीर असत, हे खरे. पण विद्यार्थ्याच्या भाषेला त्यात मानाचे पान होते. पुढे भाषांतर-पद्धत जुनी ठरली आणि ‘इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजी’ असे फर्मान निघाले. शहरातल्या शाळेत ते चालले असेल. आमच्याकडे मुले गप्प झाली.

आमच्याकडच्या मुलांचा प्रश्न तसा दुहेरी होता. पहिलीत आल्यावर त्यांची पहिली दुरुस्ती इंग्रजीत होत नसे, मराठीतच होत असे. ‘मले’ नको, ‘मला’ म्हण. ‘तुले’ नको, ‘तुला’ म्हण. ‘काहून’ नको, ‘का’ म्हण. सहा वर्षांच्या पोराला पहिल्याच आठवड्यात कळे की आपली माय चुकीचे बोलते. ज्या वऱ्हाडच्या मातीत, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिले, तिथल्या लेकरांना आम्ही मराठी अशुद्ध म्हणून रागवायचो! आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे, याचा आनंद वाटतो. प्रमाण मराठी शिकवायला हवीच, पण ‘मले’ ही चूक नव्हे, ती बोली आहे, हे आधी सांगायला हवे.

झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी भागातल्या कोलाम आणि गोंड मुलांची तर तिसरीच गोष्ट. त्यांना मराठीसुद्धा परकी. कोलामी नि गोंडी या द्राविडी कुळातल्या भाषा. या भाषांत एकवचनी पुरुष एका गटात, आणि बाई, गाय, झाड हे सारे दुसऱ्या गटात. मराठीसारखी तीन लिंगे नाहीत. मराठी शिकताना असे मूल ‘आई आला’ म्हणे, इंग्रजीत ‘शी’ आणि ‘इट’ यांची गल्लत करी, आणि शेरा मिळे ‘लक्ष देत नाही’. कोलामीचे व्याकरण एम. बी. एमेनो या अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञाने १९५५ साली पुस्तकरूपाने छापले. म्हणजे माहिती कॅलिफोर्नियात उपलब्ध होती, पांढरकवड्याच्या शिक्षकापर्यंत आली नव्हती.

चूक म्हणजे काय याचा विचार तोवर जगात बदलू लागला होता. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली मांडले, की दोन भाषा शेजारी ठेवून त्यांतले फरक पाहिले तर विद्यार्थी कुठे अडेल ते आधीच सांगता येते. १९६७ साली एस. पिट कॉर्डर यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. घाईत, थकव्यात झालेली चूक वेगळी आणि पुन्हा पुन्हा एकाच पद्धतीने होणारी चूक वेगळी. दुसऱ्या प्रकारची चूक म्हणजे विद्यार्थ्याच्या डोक्यात एक नियम तयार झाला आहे याचा पुरावा. तो नियम इंग्रजीचा नसेल, पण नियम आहे. तेव्हा चूक ही शिक्षकाला मिळालेली माहिती आहे. हैदराबादला १९५८ साली इंग्रजीच्या शिक्षणासाठी केंद्रीय संस्था निघाली होती, पण खेड्यातल्या मास्तरापर्यंत हे विचार पोचता पोचता दोन-तीन दशके गेली.

या सगळ्याने काय फरक पडतो, असे कोणी विचारेल. एका मुलाचे सांगतो. झरीकडचा, गणितात चांगला, वागायला सालस. बारावीनंतर एका ठिकाणी नोकरीच्या मुलाखतीला गेला. घरी कोण कोण असते, असे इंग्रजीत विचारल्यावर म्हणाला, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.’ समोरचे तिघे एकमेकांकडे पाहून हसले. एकाने ते वाक्य त्याच्यासारखा आवाज काढून पुन्हा म्हटले. नोकरी मिळाली नाही याचे त्याला एवढे वाटले नाही, पण ज्या मुलाखतीत इंग्रजी बोलावे लागेल तिथे तो पुन्हा कधी गेला नाही. त्याला दोन भाऊ आहेत हे समोरच्यांना पूर्ण समजले होते. ‘हॅविंग’च्या जागी ‘हॅव’ एवढाच फरक होता. राइटसाहेब १८९१ सालीच वारले नव्हते, असे त्या दिवशी मला वाटले.

म्हणून काय चुका तशाच सोडायच्या? मुळीच नाही. मी जुन्या वळणाचा मास्तर आहे, लाल शाई अजून आवडते. काही चुका अर्थच फिरवतात. ‘मला कंटाळा आला’ म्हणायचे असताना ‘आय ॲम बोअरिंग’ म्हटले तर ‘मी कंटाळवाणा आहे’ अशी स्वतःचीच कबुली होते. ‘फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मित्र जवळजवळ नाहीतच, ‘अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे थोडे का होईना, आहेत. मराठीत ‘सोमवारपर्यंत’ एकच; इंग्रजीत ‘बाय मंडे’ म्हणजे सोमवार ही शेवटची मुदत, ‘टिल मंडे’ म्हणजे सोमवारपर्यंत चालू राहणारे. अर्ज भरणाऱ्याला हा फरक माहीत नसेल तर नुकसान त्याचेच. अशा चुका आधी धराव्यात, वारंवार धराव्यात. ‘डिस्कस अबाऊट’सारख्या चुका त्यानंतर, परीक्षेत त्यांचे गुण जातात, म्हणून त्याही सुधाराव्यात. आणि काही ‘चुका’ तर काळाच्या ओघात चूक राहतच नाहीत. आपल्याकडच्या ‘प्रीपोन’वर साहेब नाके मुरडत, आज तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसला आहे.

२००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. आमच्या वेळेपेक्षा मुलांच्या कानावर ती कितीतरी जास्त पडते. तरीही शिकवणीच्या वर्गांतून ‘सिन्स टेन इयर्स’ तसेच ऐकू येते, कारण उत्तरपत्रिकेत चुकीच्या तुकड्याला खूण करायला शिकवले जाते, पण ती चूक आपल्या तोंडी का येते हे कोणी विचारत नाही. नियम पाठ होतो, खूण बरोबर होते, आणि बोलताना पुन्हा ‘पासून’ पुढे सरसावते.

माझे तरुण शिक्षक मित्रांना, आणि घरी नातवंडांचा अभ्यास घेणाऱ्या माझ्या भाच्या-पुतण्यांनाही, एवढेच सांगणे आहे. मुलाचे इंग्रजी वाक्य चुकले की लगेच खोडू नका. आधी विचारा, ‘हे आपल्या भाषेत कसे म्हणशील?’ वऱ्हाडीत म्हणू दे, कोलामीत म्हणू दे, गोरमाटीत म्हणू दे. मग दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहा आणि फरक त्यालाच शोधू द्या. वेळ लागतो, पण असे शोधलेले राहते. मुख्य म्हणजे आपली भाषा चुकीची नाही, ती वेगळी आहे, हे त्याला कळते, आणि मग ते पुढचे वाक्य बोलायला तोंड उघडते.

तुमच्या भागात, तुमच्या बोलीतून इंग्रजीत गेलेली अशी वाक्ये आठवत असतील तर जरूर कळवा. कोकणी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांकडे माझ्या यादीत नसलेले पुष्कळ असणार. वही अजून अर्धी कोरी आहे.